दोनची ड्यूटी

३ मार्च

बारक्या,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच बाजूला ठेवशील, असं धरूनच लिहायला बसलेय. फोन तू उचलत नाहीस. तीनदा करून पाहिला, तिन्ही वेळा नुसता वाजत राहिला. पत्राचं बरं असतं, ते पडून राहतं. आज नाही तर महिन्याने वाच.

आई बरी आहे. एक्याऐंशी पूर्ण झाली. गुडघे कुरकुरतात, जिभेला मात्र काही झालेलं नाही. मी अजून तिथेच, दातांच्या दवाखान्यामागच्या खोलीत कवळ्या बनवते. एकतीस वर्षं झाली. आता रस्त्यावर कुणी हसलं तर मी आधी दात बघते, मग माणूस.

लिहायचं कारण सांगते. आईची कवळी सैल झालीय म्हणून ती परवा दवाखान्यात आली होती. बाहेर बाकावर एक म्हातारी बसली होती, आणि तिचा नातू तिचा हात धरून. सात-आठ वर्षांचा असेल. आई बराच वेळ बघत राहिली आणि मला म्हणाली, "बघ, किती घट्ट धरलाय. आपल्या पोराने एवढं केलं असतं, तर माझी आई अजून दहा वर्षं जगली असती."

मी कवळी घासत होते. घासतच राहिले. चव्वेचाळीस वर्षं मी असंच काही ना काही घासत राहिलेय. त्या दिवशी मात्र दोन कवळ्या वाया घालवल्या.

म्हणून आजोळाबद्दल लिहिते. तुला काय काय आठवतं मला माहीत नाही, मला आठवतं ते असं.

हिरव्या रंगाची लाँच. रंगावर रंग चढवून तिचे कठडे इतके जाड झाले होते की नखाने खरवडलं की खालून निळा निघायचा, त्याच्याखालून पांढरा. इंजिनावरचं लाकडी झाकण कोमट असायचं आणि त्यावर बसण्यावरून आपली मारामारी. चाळीस मिनिटांचा प्रवास, आणि त्या एकुलत्या झाडाच्या बेटाला वळसा घातला की तुला न चुकता ओकारी. लाँचवाले काका तुला लांबून बघूनच बादली काढून ठेवायचे. "आले का आमचे साहेब!" म्हणायचे.

पलीकडे धक्क्यावर आजोबा घड्याळ हातात घेऊन उभे. उभा जन्म दुकानदारांची वजनंमापं तपासण्यात गेलेला माणूस, उतरल्या उतरल्या आपल्याला जवळ घ्यायच्या आधी काकांना म्हणणार, "चार मिनिटं उशीर." काका म्हणणार, "साहेब, तळ्याला काटे नसतात हो." मग आजोबा हसणार आणि मगच आपल्या बॅगा उचलणार.

घर कसलं, खाली दोन खोल्या आणि वर तिरक्या छपराचा माळा. पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या. आणि आजी! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं काढलेली, अख्ख्या गावाचे नंबर तोंडपाठ. आपण अंथरुणात पडून तिची परीक्षा घ्यायचो.

"आजी, डॉक्टर?"

"तीन-एक-सात."

"बेकरी?"

"दोन-शून्य-चार. सकाळी लावू नका, उचलत नाहीत मेले."

शेवटच्या उन्हाळ्यात आपण पोहोचलो तर कपाटांच्या दारांना आतून चिठ्ठ्या लावलेल्या. आजोबांच्या सरळ, मोजल्यासारख्या अक्षरात. साखर. मीठ. कपबश्या. आपण किती हसलो. आजोबांना निवृत्तीत करमत नाही, आता घराचीच तपासणी चाललीय म्हणालो. तू मांजराच्या पाठीवर "मांजर" अशी चिठ्ठी चिकटवलीस. सगळे हसले, आजीही हसली. आजोबांनी मात्र मांजर मांडीवर घेतलं आणि केस ओढले जाणार नाहीत अशा बेताने ती चिठ्ठी हळूहळू सोडवून काढली.

आज इतकंच. तीन पानं भरली, आणि जे लिहायचं होतं ते अजून लिहिलेलंच नाही.

ताई


११ मार्च

बारक्या,

आज सरळ लिहिते. मधे थांबले तर पुन्हा हात उचलायचा नाही.

आजी विसरत होती, हे मला माहीत होतं.

तिकडे जाऊन आठवडा झाला असेल. मी टॉवेल घ्यायला त्यांच्या खोलीत गेले, तर दाराच्या आतल्या बाजूला एक कागद टाचलेला. "तू तुझ्या घरी आहेस. मी धक्क्यावर गेलोय. येतोच." मी वाचत उभी, आणि मागे आजोबा. त्यांनी मला माळ्यावर नेलं, ट्रंकेवर बसवलं. माझ्याशी असं, मोठ्या माणसाशी बोलावं तसं, तोवर कुणी बोललं नव्हतं.

म्हणाले, "तिला जुनं सगळं आठवतं. आजचं राहत नाही. कधी कधी मीही राहत नाही."

मी म्हटलं, "आईला सांगूया."

"तुझ्या आईला कळलं तर ती हिला शहरात घेऊन जाईल. डॉक्टर, तपासण्या, चौथ्या मजल्यावरची खोली. इथे निदान पायांना वाट माहीत आहे. एवढा उन्हाळा जाऊ दे. मग मीच सांगतो."

मी शब्द दिला. तेरा वर्षांची होते, आणि खरं सांगते, मला भारी वाटलं होतं. एकदम मोठं झाल्यासारखं.

आता तो दिवस. आई आपल्याला न्यायला आदल्याच दिवशी आली होती. आजोबा सकाळच्या लाँचने पलीकडच्या गावात डोळे दाखवायला गेलेले, दुपारी दीडला इथे लागणाऱ्या लाँचने परत येणार होते. आजीचं एकच, मी त्यांना आणायला धक्क्यावर जाते. आई चुलीपाशी अडकलेली. तिने मला हाक मारली, "अगं, तू जा आजीबरोबर."

माझे केस ओले होते. तेवढंच. नुकतेच धुतले होते आणि पायरीवर उन्हात सोडून बसले होते. मी ओरडले, "त्याला पाठव ना! माझे केस ओले आहेत."

आईला काही माहीत नव्हतं. तिच्या लेखी पासष्ट वर्षांची धडधाकट बाई पाच मिनिटांवरच्या धक्क्यावर चाललेली. तिने तुला चप्पल घालायला लावली आणि म्हणाली, "आजीचा हात सोडू नकोस हं." ते तिने गमतीत म्हटलं होतं. ज्याला ती गंमत नाही हे कळत होतं असं त्या घरात एकच माणूस होतं, आणि ते केस वाळवत होतं.

तू तासाभराने एकटा आलास. "आजी लाँचने गेली," एवढंच म्हणालास. आई म्हणाली, "गेली असेल आजोबांना गाठायला. येतील दोघं." आपण जेवलोही. मी सारखी दाराकडे बघत होते, पण तोंड उघडलं नाही. चारच्या लाँचमधून आजोबा उतरले, एकटे, डोळ्यांवर काळा चष्मा.

आणखी एक गोष्ट आहे, ती आईलाही माहीत नाही. संध्याकाळी सगळे शोधाशोध करत होते तेव्हा लाँचवाले काका आजोबांना बाजूला घेऊन बोलले. मी मागेच उभी होते. म्हणाले, "साहेब, बाई तुमच्या समोरून गेल्या की हो. तुम्ही पलीकडच्या धक्क्यावर बाकावर बसला होता. मला वाटलं, तुमचं बोलणं झालं." आजोबांच्या डोळ्यांत डॉक्टरांनी थेंब घातले होते. दीडची लाँच त्यांनी त्यामुळेच सोडली होती, नजर येईपर्यंत बसून होते. हाताच्या अंतरावरून त्यांची बायको गेली आणि त्यांना फक्त पुसट काहीतरी हललेलं दिसलं असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सापडली. पलीकडच्या गावात, ती नोकरी करायची त्या जुन्या एक्स्चेंजच्या पायऱ्यांवर. तिथे तेव्हा फर्निचरचं गोदाम होतं. रात्रभर गार वाऱ्यात, अंगावर नुसती सुती साडी. मग न्यूमोनिया, मग नऊ दिवस.

इस्पितळाच्या त्या हिरव्या भिंतींच्या बोळात आई तुला काय म्हणाली ते मी ऐकलं होतं. "एक काम दिलं होतं तुला. एक." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मी उठले. सांगणारच होते. समोर बाकावर आजोबा होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली. नाही. इतकीशीच.

मी बसले.

दोन हिवाळ्यांनी तेही गेले. मग कुणाला सांगायचं, कशाला सांगायचं, असं करत मी मोठी झाले. बाबा गेले तेव्हा तू गाडी चुकल्यामुळे उशिरा आलास आणि आई पाहुण्यांसमोर म्हणाली, "याच्यावर काही सोपवू नका." तेव्हाही मी तिथेच होते, चहाचा ट्रे हातात घेऊन. तू त्याच दुपारी गेलास. त्या वेळी तर मान हलवायलाही कुणी नव्हतं. तरी मी गप्प राहिले.

क्षमा कर वगैरे मनात म्हणते, पण कागदावर ते फार स्वस्त दिसतं. म्हणून लिहीत नाही.

ताई


२६ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण एक घडलं ते तुला कळायला हवं.

मी आईला सांगितलं.

कसं सांगितलं ते ऐकून तुला हसू येईल, आलं तर हस. नव्या कवळीसाठी हिरड्यांचा साचा घ्यायचा होता. एरवी ते काम डॉक्टर करतात. पण आई म्हणाली, परक्याची बोटं तोंडात नकोत, तूच कर. डॉक्टर हसून बाजूला झाले. मी मसाला कालवला, ट्रेमध्ये भरला, तिच्या तोंडात दाबून धरला. तो घट्ट व्हायला चार मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात माणसाला बोलता येत नाही. घशातून नुसतं हं-हं.

आणि माझ्या लक्षात आलं, जन्मात पहिल्यांदा आईला मधे बोलता येणार नाहीये.

मी तिची हनुवटी धरून होते. तशीच बोलायला लागले. दारावरचा कागद, माळा, ओले केस, काळा चष्मा, आजोबांची मान. काही वगळलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. सुरुवातीला तिने हात वर केला, ट्रे काढ म्हणून. मी म्हटलं, "अजून दोन मिनिटं, आई." मग तिने हात खाली घेतला. डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळत होतं आणि मला ते पुसता येत नव्हतं, दोन्ही हात अडकलेले.

चार मिनिटं झाली. साचा काढला. नीट आला होता, एक सुरकुती नाही. मी तिला चूळ भरायला पाणी दिलं. तिने चूळ भरली, रुमालाने तोंड पुसलं आणि बिनदाताच्या तोंडाने म्हणाली, "मला घरी सोड."

रिक्षातून उतरून सरळ दारापर्यंत गेली. दारात मात्र थांबली. म्हणाली, "तू तेरा वर्षांची होतीस. माझे वडील सत्तर वर्षांचे होते." आणि दार लावून घेतलं.

त्याला आज आठ दिवस झाले. फोन केला तर "बरी आहे" म्हणते आणि ठेवून देते. कवळी तयार आहे, न्यायला आलेली नाही. पातळ खिचडीवर राहत असेल. माझ्यावर रागावली असेल तर ते मी समजू शकते. मला भीती वेगळीच वाटते. ती स्वतःलाच धरून बसली असेल.

ताई


९ एप्रिल

बारक्या,

तुझं पत्र आलं. जिन्यात उभी राहूनच फोडलं. दोनदा वाचलं, मग घरात गेले.

आजोबांनी तुलाही सांगितलं होतं!

मला वाटत राहिलं की मी काहीतरी चुकीचं वाचतेय. पण तू सगळं लिहिलं आहेस. त्याच आठवड्यात, छोट्या होडीत, वल्ही आत ओढून घेऊन. "आजी कधी कधी हरवते, घरातल्या घरात. तू लक्ष ठेव. कुणाला बोलू नकोस, ताईला तर मुळीच नको. ती घाबरेल." नऊ वर्षांच्या पोराला! मला माळ्यावर, तुला पाण्यावर. दोघांना वेगवेगळं, दोघांनाही वाटावं की आपण एकटेच. एका माणसाने दोन्ही पारड्यांत तेवढंच वजन टाकलं आणि स्वतः मधे गप्प उभा राहिला.

मला त्यांचा राग आला, आणि लगेच तो बाकावरचा काळा चष्मा आठवला. मग कुणावर रागवावं कळेना.

तू लिहितोस, "मला माहीत होतं, म्हणून चूक माझीच. तुम्हाला कुणाला माहीतच नव्हतं, तुमचा काय दोष?" हे तू चव्वेचाळीस वर्षं धरून होतास? म्हणून कधी उलट बोलला नाहीस? आम्हाला वाटायचं, याला काही वाटतच नाही.

धक्क्यावर काय झालं ते मी आज पहिल्यांदा वाचलं. तुझीच वाक्यं पुन्हा लिहून काढते, कारण ती मला आईला वाचून दाखवायची आहेत आणि तुझं अक्षर तिला लागत नाही.

"लाँच लागली, आजोबा उतरले नाहीत. आजीने काकांच्या घड्याळात बघितलं आणि म्हणाली, माझी दोनची ड्यूटी आहे, सोड. मी म्हटलं, आजी, चल घरी. तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. चांगलं हसली. म्हणाली, कुणाचा रे तू? आई वाट बघत असेल, घरी जा बघू. मोठ्या माणसाने घरी जा म्हटलं, मी गेलो. वाटेत दोनदा मागे बघितलं. ती इंजिनाच्या झाकणावर बसली होती आणि माझ्याकडे बघून हात हलवत होती, अनोळखी मुलाला हलवतात तसा. ती मला ओळखत नाही हे मी कुणाला सांगितलं नाही, कारण मला वाटलं, मी तिच्याकडे नीट लक्ष दिलं असतं तर ती मला विसरली नसती."

बारक्या, माझ्याने पुढे लिहवेना.

तू असंही लिहिलंयस की माझं पत्र वाचून तुला संताप आला, दोन दिवस कामावर गेला नाहीस, आणि अजून तो गेलेला नाही. बरोबर आहे. जाऊ देऊ नकोस एवढ्यात. सगळ्या शहराच्या लिफ्टांच्या दोऱ्या तपासणारा माणूस तू, तुला ठाऊकच आहे, ताण एकदम सोडायचा नसतो.

उद्या हे पत्र घेऊन आईकडे जाते.

ताई


१४ एप्रिल

बारक्या,

घाईत आहे, थोडक्यात लिहिते.

आईला तुझं वाचून दाखवलं. खिडकीपाशी बसली होती. "घरी जा बघू" इथे आले तेव्हा तिने हात करून थांबवलं. "परत वाच," म्हणाली. परत वाचलं. पाणी दिलं, ते नको म्हणाली.

शेवटी म्हणाली, "माझ्या आईने त्याला शेवटचं घरी पाठवलं, आणि घरी मी होते."

मी रडायला लागले तर मलाच दटावलं, "तू गप. तुझं नंतर बघू." बारक्या, माझा हिशेब तिने अजून बाजूलाच ठेवलाय आणि तो माझ्या वाट्याला यायचा आहे. ते होईल. मला ते हवंच आहे.

मग तिने कपाट उघडून बॅग काढली. मी म्हटलं, "आई, आधी त्याला विचारते, येऊ का म्हणून."

ती वळली आणि असं बोलली की मी शब्दन् शब्द लिहून ठेवलाय. "विचारू नकोस. विचारलंस तर त्याला नको म्हणावं लागेल, आणि ते पुन्हा त्याच्याच माथी. कळव फक्त. नको म्हणायचं असेल तर दारात म्हणू दे. मी उभी राहीन."

"बोलावून घेऊया का त्याला इकडे? तुझे गुडघे..."

"चुकलं माझं, आणि प्रवास त्याने करायचा?"

म्हणून कळवते. शनिवारी सकाळच्या गाडीने निघतो, दुपारी तुमच्याकडे पोहोचू. स्टेशनवर येऊ नकोस, पत्ता आहे आमच्याकडे. तू लिहिलंस की जन्मभर दुसऱ्यांच्या लिफ्टा चालत्या ठेवल्या आणि स्वतःच्या इमारतीला लिफ्ट नाही. तेही मी आईला सांगितलं, तिसरा मजला आहे म्हणून. तिने विचारलं, "पायऱ्या किती?" मला माहीत नव्हतं. "असू देत," म्हणाली.

तिला चढायला वेळ लागेल. प्रत्येक वळणावर थांबेल, तिच्या धापेचा आवाज तुला वरपर्यंत येईल. तू खाली येऊ नकोस. हात द्यायला मी आहे आणि तो ती घेणार नाही. दार आधी उघडू नकोस. मी दोन पायऱ्या खाली थांबणार आहे. बेल तीच वाजवेल.

ताई